घरच्या कॉम्प्युटरवर जाहिराती परत परत येतात? फॉरमॅट मारण्याआधी हे क्रमाने तपासा

‘कॉम्प्युटरवर जाहिराती येतात’ एवढ्यावरून काही कळत नाही. त्या नेमक्या कुठे येतात हे पाहिलं की अर्धं निदान तिथेच होतं. म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी किंवा उडवण्याआधी थोडा वेळ नुसतं स्क्रीनकडे बघा. खाली विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. ब्राउझर म्हणून क्रोम धरला आहे, एज आणि फायरफॉक्समध्येही तत्त्व तेच.

लक्षणं

उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, चौकोनी पाटी सरकत येते: ‘५ व्हायरस सापडले’, ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’, कधी अश्लील चित्र. ब्राउझरची खिडकी बंद असली तरी येते. हे बहुतेक वेळा ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. तपासणी १ पाहा.

शोधायला काही टाइप केलं की गूगलऐवजी अनोळखी सर्च पान उघडतं, नवा टॅब वेगळाच दिसतो, एरवी स्वच्छ असलेल्या साइटवरही मजकुरातले शब्द अधोरेखित होऊन जाहिराती उघडतात. हे एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, काम. तपासणी २.

कॉम्प्युटर सुरू झाल्यावर किंवा ठरावीक वेळाने ब्राउझर आपोआप उघडतो आणि त्याआधी क्षणभर काळी खिडकी चमकून जाते. तपासणी ४.

सगळ्या ब्राउझरमध्ये एकसारखाच त्रास असेल तर तपासणी ३ ते ६. त्याच वायफायवरच्या मोबाइलवर आणि टीव्हीवरही त्याच जाहिराती येत असतील तर कॉम्प्युटर सोडा आणि थेट तपासणी ७ कडे जा.

स्क्रीनभर लाल किंवा निळा इशारा, भोंगा आणि ‘या नंबरवर लगेच फोन करा’ असं दिसलं, तर ते फक्त एक वेब पान आहे. फोन करू नका. एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ४ दाबा. तरीही हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोअर पेजेस’ विचारेल, त्याला नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत समोर येईल.

स्टार्ट मेनूतल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘शिफारसी’, एजच्या पहिल्या पानावरच्या बातम्या आणि लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायल अँटिव्हायरसची ‘आता पैसे भरा’ ही भुणभुण यांचा मात्र ॲडवेअरशी (जाहिराती दाखवणाऱ्या घुसखोर प्रोग्रॅमशी) संबंध नाही. वैतागवाणं आहे खरं, पण ते सेटिंगमधून किंवा अनइन्स्टॉल करून जातं.

अजून खात्री नसेल तर एक फुकटचा प्रयोग करा. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडून तीच साइट बघा. मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, त्यामुळे तिथे जाहिराती गायब झाल्या तर बहुधा एक्स्टेन्शनच दोषी. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. शेवटी कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. तिथे सगळं ठीक असेल तर संशय राउटरवर.

तपासणी १: नोटिफिकेशनची परवानगी

सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, आणि इथे व्हायरस नावाची गोष्टच नसते. कोणीतरी एखाद्या साइटवर ‘अलाउ’ दाबलेलं असतं. फुकट सिनेमे, क्रिकेटचं थेट प्रक्षेपण, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी उगवणारी भलतीच ‘रिझल्ट’ पानं, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ अशी पाटी. रोबो तपासणारी कोणतीही खरी चाचणी नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा सांगून ठेवा.

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवरून सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी नावापुढच्या तीन टिंबांवरून ‘ब्लॉक’ निवडा. ‘रिमूव्ह’ केलं तर ती साइट पुढच्या भेटीत परत विचारू शकते, ब्लॉक केलं तर नाही. त्याच पानावर वर ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ हा पर्यायही आहे. सामायिक कॉम्प्युटरवर तोच ठेवावा. घरगुती वापरात त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. एजमध्ये मेनू आवृत्तीगणिक हलत असतात, म्हणून सेटिंग्जच्या शोधखिडकीत ‘नोटिफिकेशन’ टाइप करणं सोपं.

ब्राउझर बंद असताना पाट्या का येतात? क्रोमची खिडकी मिटली तरी तो पार्श्वभूमीत चालू राहू शकतो. सेटिंग्जच्या ‘सिस्टम’ भागात तो स्विच आहे, तो बंद करा.

ही यादी विंडोजच्या प्रत्येक खात्याची आणि क्रोमच्या प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते. मुलाच्या प्रोफाइलमध्ये साफ केलं म्हणून वडिलांच्या प्रोफाइलमध्ये होत नाही. ‘काल काढलं, आज परत आलं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

तपासणी २: एक्स्टेन्शन, सर्च इंजिन आणि सिंक

पत्त्याच्या पट्टीजवळच्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावरून ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ उघडा. पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर, कूपन शोधणारं, वॉलपेपरवालं नवं टॅब पान, हवामान: या जातीच्या एक्स्टेन्शनांकडे आधी बघा. ‘डिटेल्स’मध्ये ‘सर्व वेबसाइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी असेल आणि ते कशासाठी टाकलं हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर काढून टाका. आधी चांगलं असलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्याला विकलं जातं आणि पुढच्या अपडेटमध्ये जाहिराती घेऊन येतं, असंही घडतं. त्यामुळे ‘ते तर दोन वर्षांपासून आहे’ हा बचाव ग्राह्य धरू नका.

मग सर्च इंजिन आणि ‘ऑन स्टार्टअप’ या दोन जागा पाहा. फार गोंधळ असेल तर ‘रिसेट सेटिंग्ज’ वापरा. त्याने एक्स्टेन्शन बंद होतात, सुरुवातीचं पान आणि सर्च इंजिन मूळपदावर येतं, कुकीज जातात म्हणून पुन्हा लॉगिन करावं लागतं. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड तसेच राहतात.

आता सिंक. फॉरमॅट मारूनही जाहिराती परत येण्याचं हे एक मोठं कारण आहे. गूगल खात्यात एक्स्टेन्शनांची यादी साठलेली असते. नव्याकोऱ्या विंडोजवर क्रोम टाकून साइन इन केलं की ती यादी, त्या खराब एक्स्टेन्शनसकट, आपोआप उतरते. तेच खाते मामाच्या घरच्या लॅपटॉपवर किंवा सायबर कॅफेत उघडं राहिलं असेल तर तिथलं एक्स्टेन्शनही इथे येतं. म्हणून सिंकच्या सेटिंगमध्ये काय काय सिंक होतं ती यादी उघडा आणि ‘एक्स्टेन्शन्स’चा स्विच बंद ठेवा. बुकमार्क आणि पासवर्ड चालू राहू द्या. गूगल खात्याच्या सुरक्षा पानावरून जुन्या, अनोळखी उपकरणांना साइन आउट करा.

‘रिमूव्ह’ बटणच नसेल आणि ‘तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने टाकलं आहे’ असं लिहिलेलं असेल तर त्याच्याशी इथे झटापट करू नका, ते तपासणी ६ मध्ये.

तपासणी ३: बसवलेले प्रोग्रॅम आणि शॉर्टकट

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज १० मध्ये ॲप्स अँड फीचर्स). यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय आलं ते बघा. एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार प्रोग्रॅम आले असतील तर ते एकाच इन्स्टॉलरच्या पोटातून आलेले असतात. ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ या नावाचं जे काही असेल ते काढा. त्यातलं चांगलं म्हणावं असंही काही घरच्या कॉम्प्युटरला लागत नाही. काढताना खिडकीतली बटणं वाचा. मोठं रंगीत बटण ‘ठेवा’ असतं आणि ‘काढा’ हे खाली फिकट अक्षरांत लपवलेलं असतं.

भीतीपोटी भलतंच काढू नका. ‘व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या दहा-बारा नोंदी, डॉट नेट, इंटेल, रिअलटेक, एएमडी, एनव्हिडिया यांना हात लावायचा नाही. ते गेले की आवाज बंद पडतो, गेम चालत नाहीत आणि जाहिराती तशाच राहतात.

डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधली ‘टार्गेट’ ओळ वाचा. ओळीच्या शेवटी वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर प्रत्येक वेळी तेच पान उघडणार. तो आयकॉन काढून स्टार्ट मेनूतून नवा घ्या. टास्कबारवरचाही काढून नव्याने लावा. प्रोफाइलचं नाव असलेली जोड मात्र क्रोमचीच असते, तिच्यात वावगं काही नाही.

तपासणी ४: स्टार्टअप आणि टास्क शेड्युलर

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमधलं अनोळखी काहीही ‘डिसेबल’ करा. चुकलं तर परत चालू करता येतं, म्हणून इथे धोका कमी.

खरी लपण्याची जागा टास्क शेड्युलर. स्टार्टमध्ये त्याचं नाव टाइप करा, डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करा आणि मधल्या यादीतल्या प्रत्येक टास्कचा ‘ॲक्शन्स’ टॅब बघा. गूगल, एज, ॲडोबी यांचे अपडेटर तिथे असणारच. संशयित ते, ज्यांच्या ॲक्शनमध्ये थेट वेबसाइटचा पत्ता आहे, किंवा कमांड प्रॉम्प्ट वा पॉवरशेलपुढे लांबलचक अर्थहीन अक्षरं आहेत, किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरमधली विचित्र नावाची फाइल चालवली जाते. ती काळी खिडकी चमकते ती याच टास्कमुळे. लगेच डिलीट करू नका. ‘डिसेबल’ करून दोन दिवस वापरा, त्रास थांबला की मग डिलीट करा. ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या उपफोल्डरात घरगुती उपायांनी शिरू नये.

तपासणी ५: स्कॅन

स्कॅन पहिल्यांदा का नाही, असा प्रश्न पडेल. कारण तपासणी १ आणि २ मधल्या गोष्टी आपण स्वतः परवानगी देऊन घेतलेल्या असतात. स्कॅनर त्यांना सहसा गुन्हेगार मानत नाही. ‘काही सापडलं नाही’ असं हिरव्या अक्षरांत येतं आणि पाट्या चालूच राहतात.

विंडोज सिक्युरिटी उघडा. स्कॅनआधी दोन गोष्टी बघायच्या. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या आत ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ चालू आहे का, आणि त्याखालचे ॲप्स आणि डाउनलोड्स हे दोन्ही चौकोन टिक केलेले आहेत का. ॲडवेअर याच वर्गात मोडतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ आहे. ती यादी घरच्या कॉम्प्युटरवर रिकामी असायला हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा ‘ॲपडेटा’ दिसला तर डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) डोळ्यांवर पट्टी बांधून बसला आहे असं समजा. विंडोज किंवा ऑफिस फुकटात ॲक्टिव्हेट करणाऱ्या अनेक ॲक्टिव्हेटरांची ही करणी असते. यादी रिकामी करा, मगच फुल स्कॅन लावा. त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासतो, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज चालू असताना जे स्वतःला लपवतं, ते इथे सापडू शकतं.

जोडीला ॲडडब्ल्यूक्लीनर हा ॲडवेअर काढणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, बसवावं लागत नाही, काही मिनिटांत काम होतं. २०१६ पासून तो मालवेअरबाइट्सकडे आहे, म्हणून त्यांच्याच साइटचा पत्ता स्वतः टाइप करून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या ‘जाहिरात’ दुव्यावरून नको. तो ब्राउझर बंद करतो, म्हणून चालू काम आधी सेव्ह करा. लॅपटॉप कंपनीचे मूळ प्रोग्रॅमही तो वेगळ्या गटात दाखवतो, ते काढायची सक्ती नाही.

दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नका. एकमेकांच्या पायात पाय अडकतात आणि कॉम्प्युटर संथ होतो.

तपासणी ६: ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’, प्रॉक्सी, होस्ट्स

क्रोमच्या मेनूत तळाशी हे वाक्य दिसत असेल आणि कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर ते योग्यच आहे, हात लावू नका. घरच्या कॉम्प्युटरवर दिसत असेल तर कोणीतरी पॉलिसी (ब्राउझरवर लादलेला नियम) टाकून एक्स्टेन्शन सक्तीने बसवलं असण्याची शक्यता आहे. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी टाकतात, तेवढं आधी तपासा. पुष्कळदा ॲडडब्ल्यूक्लीनरने हे सुटतं. नाही सुटलं तर रजिस्ट्रीत ‘एचकी लोकल मशीन’, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथली नोंद काढावी लागते. ‘एक्स्पोर्ट’ करून तिची प्रत ठेवता येत नसेल किंवा रजिस्ट्री हा शब्दच नवा असेल, तर इथे थांबा आणि माहीतगाराला बोलवा.

नेटवर्क सेटिंग्जमधल्या ‘प्रॉक्सी’त (इंटरनेटची वाहतूक मधल्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ आणि ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ दोन्ही बंद हवेत. होस्ट्स फाइल (कोणती साइट कुठल्या पत्त्यावर न्यायची हे ठरवू शकणारी यादी) सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी इथे असते. नोटपॅडमध्ये उघडून नुसती वाचा. घरच्या कॉम्प्युटरवर हॅशने सुरू होणाऱ्या ओळींपलीकडे सहसा काही नसतं.

तपासणी ७: राउटर

राउटरमधला डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बदलला की घरातलं प्रत्येक उपकरण भलतीकडे वळतं. ‘डीएनएस चेंजर’ या मालवेअरच्या प्रकरणात असेच डीएनएस पत्ते बदलले होते, मुख्यतः कॉम्प्युटरमधले आणि काही ठिकाणी राउटरमधलेही. टोळी पकडल्यावरही त्यांचे सर्व्हर लगेच बंद करता आले नाहीत, नाहीतर बाधित लोकांचं इंटरनेटच गेलं असतं. अखेर ते ९ जुलै २०१२ रोजी बंद केले.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा आणि ॲडमिन पासवर्ड बदला. मागचं रिसेटचं भोक मात्र टाचणीने दाबू नका. फायबरच्या पेटीत कंपनीने घातलेलं युजरनेम, पासवर्ड आणि इतर मांडणी त्याने पुसली जाऊ शकते, मग केबलवाला येईपर्यंत घर इंटरनेटविना. डीएनएस बदलता येत नसेल तर त्यालाच फोन करा.

कुठे थांबायचं

स्कॅनमध्ये ‘ट्रोजन’ किंवा पासवर्ड चोरणारं काही सापडलं, विंडोज सिक्युरिटी उघडतच नाही, फोटोंच्या फायलींची शेवटची अक्षरं बदलून त्या उघडेनाशा झाल्या, किंवा सगळं करूनही रीस्टार्टनंतर तेच परत आलं: यापैकी काहीही झालं की इंटरनेट तोडा आणि प्रयोग थांबवा. फोनवरच्या ‘टेक्निशियन’ला एनीडेस्कसारख्या ॲपमधून कॉम्प्युटर हाताळू दिला असेल तरीही हेच. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, या कॉम्प्युटरवरून नव्हे. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), कॉम्प्युटर नंतर.

दुरुस्तीवाल्याला द्यायच्या आधी स्पष्ट बोला. बॅकअप फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांचा घ्या, डाउनलोड फोल्डरमधले इन्स्टॉलर परत टाकू नका. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने, किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून टाका. आणि कुठलाही ॲक्टिव्हेटर नको. विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच एडिशन टाकली की इंटरनेट मिळताच तो स्वतः ॲक्टिव्हेट होतो. ‘होम’च्या जागी ‘प्रो’ टाकलं की तो लागू होत नाही, आणि मग ॲक्टिव्हेटर येतो.

परत येऊ नये म्हणून

सगळ्यांनी एकच ॲडमिन खातं वापरणं हे या दुखण्याचं मूळ. आधी एक नवं ॲडमिन खातं तयार करा, त्यात लॉगिन होतं का ते खरोखर करून बघा, आणि मगच जुनं खातं ‘स्टँडर्ड’ करा. मुलांना, आजी-आजोबांना स्वतःचं स्टँडर्ड खातं द्या. ॲडमिनचा पासवर्ड घरातल्या एकाकडेच. याने सगळं थांबत नाही. स्टँडर्ड खात्यातूनही एक्स्टेन्शन टाकता येतं, नोटिफिकेशनला होकार देता येतो. पण घाण त्या एका खात्यापुरती राहते आणि ते खातं काढून नवं करणं हे फॉरमॅटपेक्षा कितीतरी सोपं.

डाउनलोडच्या सवयी बदलायच्या तर ‘काही डाउनलोड करू नका’ असं सांगून उपयोग नसतो, पर्याय द्यावा लागतो. मराठी टायपिंगसाठी लोक हमखास भलत्या साइटवर जातात. गूगल इनपुट टूल्सचा विंडोजवरचा ऑफलाइन इन्स्टॉलर गूगलने केव्हाच बंद केला, तरी तो ‘देणाऱ्या’ साइट ढीगभर आहेत. विंडोजमध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहेच, भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडून तिच्या ‘ऑप्शन्स’मध्ये फोनेटिक कीबोर्ड जोडला की झालं. फाँट हवे तर ‘मुक्त’, ‘बालू’ या नावांचे चांगले देवनागरी फाँट गूगल फाँट्सवर मोफत आहेत. पीडीएफ ब्राउझर स्वतःच उघडतो. गेमचे क्रॅक आणि ‘मॉड’ यांना मात्र सुरक्षित पर्याय नाही. त्यासोबत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, तिथेच ओळखायचं.

जाहिरात रोखण्यासाठी फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती. सगळ्या ब्राउझरना एकदम हवं तर वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ टाका (इंग्रजी आकड्यांत), हा ॲडगार्डचा मोफत डीएनएस आहे. एखादी बँकेची किंवा रिचार्जची साइट अडली तर तो तात्पुरता ‘ऑटोमॅटिक’वर आणून बघा.

विंडोज १० चं नियमित मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. कॉम्प्युटर विंडोज ११ घेत असेल तर बदल लांबवू नका. घेत नसेल तर निदान बँकेचे व्यवहार त्यावरून करणं थांबवा.